पऱ्हाटी मरत नाही, ती कशामुळे?
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



निंदणाची मजुरी कापसाला खाते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. झड लागली की डवरा चालत नाही, मजूर मिळत नाही, तण पऱ्हाटीच्या वर जाते. म्हणून 'फवारा मारा, तण मरेल, पऱ्हाटी मरणार नाही' असे सांगत कोणी सरकी आणली की आपला हात खिशाकडे जातो. त्या सरकीत आहे काय, ते आज समजून घेऊ.

झाड आपली प्रथिने स्वतः बांधते. त्यासाठी फेनिलअ‍ॅलॅनिन, टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन ही तीन अमिनो आम्ले ते एकाच वाटेने तयार करते. त्या वाटेवर ईपीएसपीएस नावाचे विकर काम करते. बाजारात काट्यावर भलतेच पोते अडकले तर मागच्या सगळ्या गाड्या थांबतात. ग्लायफोसेट हे तणनाशक या विकरात तसेच अडकून बसते. वाट बंद, झाड वाळते. गवत, ज्वारी, साधी पऱ्हाटी, कोणीच सुटत नाही.

हे औषध १९७४ पासून बाजारात आहे. अमेरिकेत ते बनवणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्यात अ‍ॅग्रोबॅक्टेरियमचा सीपी-४ हा जीवाणू जिवंत सापडला. त्याच्या विकरात शंभराव्या जागी ग्लायसिनऐवजी अ‍ॅलॅनिन आहे. एवढ्या फरकाने ग्लायफोसेटला तिथे नीट बसता येत नाही आणि काम चालू राहते. त्याचे जनुक घातलेला कापूस अमेरिकेत १९९७ पासून पेरला जातो.

आपल्याकडे मंजुरीचा अर्ज कंपनीने २०१६ मध्ये मागे घेतला. १० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यात अकोली जहागीरला शेतकऱ्यांनी हे बियाणे उघडपणे पेरून सत्याग्रह केला.

तंत्रज्ञान आम्हाला हवेच. पण चोरट्या पाकिटाला बिल नसते. त्यात जनुकच नसले तर आपल्याच फवाऱ्याने आपली पऱ्हाटी जळेल, आणि दाद मागायला दार नाही. जनुक असले तरी ते कापसात आहे. ओळीतली तूर आणि धुऱ्यापलीकडची भावाची ज्वारी मरणारच. अमेरिकेत दरवर्षी तेच औषध मारून राजगिऱ्याच्या कुळातले तण त्याला दाद देईनासे झाले, तिथेही पुन्हा खुरपे हाती घ्यावे लागले.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. तपासलेले बियाणे, बिलासह, उघड्या बाजारात द्या. पेरायचे की नाही, ते आम्ही ठरवू.