त्वचेचा आजार, हृदयाची काळजी
(रौप्यमहोत्सवी आरोग्य कार्यक्रमात सोसायटीच्या हॉलमध्ये केलेले भाषण)



बँकेतला माणूस म्हणजे मुदत ठेवींवर बोलणार, असं तुम्हाला वाटलं असेल. मी बोलणार आहे माझ्या शर्टावर. पंचवीस वर्षांत तुम्ही मला हाफ शर्टात पाहिलेलं नाही. कारण सोरायसिस. कोपरांवर, हातांवर लाल चट्टे आणि वर चंदेरी खपल्या. काऊंटरवर असताना एका खातेदाराने माझ्या हातून नोटा घ्यायचं टाळलं, ते मनात बसलं. म्हणून आपल्या गणपतीत मी आरतीला मागे उभा राहायचो, प्रसाद वाटायला कधीच पुढे आलो नाही.

तेव्हा पहिली गोष्ट. सोरायसिस संसर्गजन्य नाही. स्पर्शाने, प्रसादाने, टॉवेलने तो लागत नाही.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. मी हा नुसता कातडीचा रोग समजत होतो. मलम लावायचं, बरं वाटलं की सोडायचं. सहासष्टाव्या वर्षी छातीत दुखलं, अँजिओप्लास्टी झाली. हृदयाच्या डॉक्टरांनी हात पाहून विचारलं, "काका, हे किती वर्षांपासून?" मी म्हटलं, "तिशीपासून." ते म्हणाले, "त्यामुळेच झालं असं नाही म्हणणार. तुमची शुगर आहे, सिगारेट होती. पण हेही हिशेबात धरायला हवं होतं."

हिशेब असा. आपली प्रतिकारशक्ती चुकून आपल्यावरच उलटते. एरवी महिनाभरात बदलणाऱ्या त्वचेच्या पेशी काही दिवसांतच वर येतात. ही दाहाची प्रक्रिया कातडीपुरती राहत नाही, रक्तवाहिन्यांवरही परिणाम करते. शिवाय या रुग्णांत वजन, मधुमेह, रक्तदाब यांचा त्रास जास्त दिसतो. 2006 साली ब्रिटनमधल्या रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात, तीव्र सोरायसिस असलेल्या तरुणांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका विशेष वाढलेला आढळला. 2018 च्या अमेरिकन कोलेस्टेरॉल मार्गदर्शक सूचनांतही सोरायसिसला धोका वाढवणाऱ्या गोष्टींत धरलं आहे.

मग त्वचेवर उपचार केले की हृदय वाचतं का? काही पाहण्यांत तीव्र आजारावर नीट उपचार घेणाऱ्यांत झटके कमी दिसले. पण ठाम पुरावा अजून नाही. मिथोट्रेक्सेट हे सोरायसिसचं जुनं औषध हृदयरुग्णांना देऊन पाहिलं, तेव्हा झटके कमी झाले नाहीत. म्हणजे एका खात्यात पैसे भरले म्हणून दुसऱ्या खात्याचं कर्ज फिटत नाही. त्वचेचे उपचार त्वचेसाठी घ्यायचेच, पण बीपी आणि कोलेस्टेरॉलची गोळी त्यांच्या भरवशावर सोडायची नाही.

म्हणून घरात कुणाला सोरायसिस असेल तर, तरुण असला तरी, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल तपासून घ्या. तंबाखू, सिगारेट बंद. वजन आवरा. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं दाखवा. सोरायसिससाठी मिथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. आणि कुठलंही औषध मनाने बंद करू नका.

आज मी हाफ शर्टात आलोय. सौ. म्हणाली, "एवढं सोपं होतं, तर पंचवीस वर्षं कशाला लावलीत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. यंदा गणपतीत प्रसाद मी वाटणार आहे. घ्यायला या.