चार वर्षांनी काय?
(हीरक महोत्सवी सोहळ्यातील भाषण)



म्हैसूरच्या अग्रहारातील घर सोडून मी बेळगावजवळच्या सांबऱ्याला वायुसैनिकाचे प्रशिक्षण घेण्यास गेलो. पुढे सार्जंट झालो आणि भरतीच्या कामावर नेमला गेलो. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. त्यानंतर १.६ किलोमीटरची धाव पूर्ण करून धापा टाकणाऱ्या एका मुलाने विचारले, “सर, चार वर्षांनी काय?” चौघांतील फार तर एकालाच पुढे ठेवले जाते, हे मी लपविले नाही. शिकलेले कौशल्य मात्र तुझेच राहील, असेही सांगितले.

त्याच सुमारास माझी वीस वर्षांची मुदत संपत आली. निवृत्तिवेतन घेऊन परतावे, की मुदतवाढ घेऊन ज्युनियर वॉरंट ऑफिसर व्हावे? अधिकाऱ्याचा आदेश आणि सैनिकाची अडचण यांच्यामध्ये उभे राहण्याचे ते पद. इकडे अग्रहारात आई एकटी. मन घराकडे ओढत होते. आईच म्हणाली, “लोकांच्या मुलांना ये म्हणालास. ती आली, आणि तू निघालास?”

मी राहिलो. त्या निर्णयाची किंमत आई मोजते आहे, याची जाणीव मला रोज असते. परंतु मुलाला भरती करून घेतले म्हणजे आपले उत्तरदायित्व संपत नाही, हे मला तेथेच उमगले.

पालकहो, मुलगा वा मुलगी सैन्यात जाऊ म्हणाली, तर वेतनाआधी ‘नंतर काय?’ हे अवश्य विचारा. त्या प्रश्नाने धैर्य खचत नाही. निर्णय पक्का होतो.