भाड्याची गाडी, मागची सीट आणि माझे दीड हजार रुपये



गेल्या काही दिवसांत बऱ्याच जणांनी विचारलं की गावी जायला सेल्फ ड्राइव्ह गाडी घ्यावी का, परवडते का, कशी मिळते. मी नुकताच पुण्याहून कैनाडला जाऊन आलो, म्हणून आज त्याच गाडीचा रिव्ह्यू. ॲपचं नाव घेणार नाही, गाडीचंही नाही. निकाल आधीच सांगून टाकतो: पाचपैकी दीड स्टार. शिवाय माझ्या डिपॉझिटमधून दीड हजार रुपये कापले गेले. कारण काय लिहिलंय? ‘सीट कव्हरचे नुकसान.’ ते नुकसान मी केलंय, ब्लेडने, व्यवस्थित मोजून केलंय. पुन्हा तशी गाडी मिळाली तर पुन्हा करीन.

कैनाड म्हणजे डहाणू तालुक्यातलं माझं गाव. एकटा असलो तर मी ट्रेननेच जातो. डहाणू रोडपर्यंत २०१३ पासून लोकल येते, त्यामुळे गाडीचं लफडं कशाला करायचं? पण या वेळी आजीला डोळ्यांच्या तपासणीसाठी वापीला न्यायचं होतं, आणि पुण्यातून माझा चुलतभाऊ आणि वहिनीही येणार होते. हिंजवडी ते घर साधारण अडीचशे किलोमीटर. एक्स्प्रेसवे, मग ठाणे, घोडबंदर आणि तिथून मुंबई-अहमदाबाद हायवे. त्याचा नंबर बदलून ४८ झाला त्याला वर्षं झाली, तरी आमच्याकडची जुनी माणसं अजून ‘आठ नंबर’च म्हणतात.

गाडी होती सीएनजी हॅचबॅक. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं. ही पाटी नीट बघत जा. स्वतः चालवायला भाड्याने देण्याची परवानगी असलेल्या गाडीची ती ओळख आहे. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी ओळखीने भाड्यावर देत असेल, तर अपघात झाल्यावर विमा कंपनी हात वर करू शकते. इथपर्यंत माझ्या गाडीचं सगळं ठीक होतं.

एसी झकास. म्युझिक सिस्टीम झकास. आतून वासही छान, बहुतेक दहा मिनिटांपूर्वीच काहीतरी फवारलं असणार.

स्पीड ८० ला लॉक होता. बहुतेक रिव्ह्यूंमध्ये लोक यावरच जास्त चिडतात. मला त्याचं काही वाटलं नाही. एक्स्प्रेसवेवर सपाट भागात कारला १०० ची परवानगी आहे, आपण ८० ने डावीकडून गेलो तर अर्धा तास उशीर होतो, बास. फक्त ओव्हरटेक करताना जपावं लागतं. ट्रेलरच्या बाजूला निम्म्यापर्यंत पोचता आणि गाडी म्हणते, आता नाही. पाय दाबून काही उपयोग नसतो. त्यामुळे पुढे भरपूर मोकळा रस्ता दिसल्याशिवाय मी लेन सोडलीच नाही. एसी चालू, चार माणसं आणि सीएनजी, या तिन्हींचा हिशेब चढावर लगेच कळतो. घाटात मागचा टेम्पोवाला हॉर्न देऊन देऊन दमला.

टायर मात्र खटकले. टायरच्या बाजूवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. माझ्या मागच्या डाव्या टायरवर १४१९ होतं. म्हणजे २०१९ सालातला चौदावा आठवडा. नक्षी बऱ्यापैकी शिल्लक होती, पण रबर कडक झालेलं आणि बाजूला बारीक भेगा. डिकीत सिलेंडर, त्याच्याखाली स्टेपनी, त्यामुळे बॅगा माणसांच्या मांडीवर. सिलेंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट करावी लागते, तिची तारीख प्लेटवर असते. ती तारीख उलटलेली नव्हती. जे बरोबर आहे तेही सांगायला हवं.

आता मूळ मुद्दा. गाडी ताब्यात घेताना मी मागचं दार उघडलं आणि बेल्टचं बकल शोधायला लागलो. पट्टा आहे, वरून खाली लोंबतोय, पण तो अडकवायचा कशात? सीटवर नवंकोरं, लेदरसारखं दिसणारं कव्हर ताणून बसवलेलं. बकलसाठी भोकच नाही. हाताने चाचपडलं तर तिन्ही बकलं कव्हरच्या खाली उंचवट्यासारखी लागत होती. तिथला पोरगा म्हणाला, ‘‘कव्हर नवीन टाकलंय सर, खाली गेली असतील.’’ हेल्पलाइनला फोन लावला. तिकडून अगदी गोड आवाजात उत्तर आलं, ‘‘सर, मागे कोणी लावत नाही ना बेल्ट. तुम्ही पहिलेच विचारताय.’’ दुसरी गाडी? चार तासांनी.

पुढे गंमत अशी की ड्रायव्हरच्या बकलमध्ये आधीच एक क्लिप खोचलेली होती. नुसती धातूची जीभ. बेल्ट न लावता अलार्म गप्प करायची. याच क्लिपा विक्रीतून काढून टाका, असा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच ई-कॉमर्स कंपन्यांना दिला होता. माझ्या भाड्याच्या गाडीत ती जणू ॲक्सेसरी म्हणून आलेली.

मी समोरच्या टपरीवरून ब्लेड आणलं. आधी व्हिडिओ काढला, त्या पोराला दाखवलं, हेल्पलाइनला चॅटवर लिहून पाठवलं की मी कव्हरला तीन चिरा देतोय. मग चिरा दिल्या. तिन्ही बकलं बाहेर आली. भाऊ-वहिनी मागे बसले, खट-खट आवाज आला आणि आम्ही निघालो.

तुम्हाला वाटेल, हा एवढा का ताणतोय. तर जरा आमच्या भागाचं सांगतो. चारोटीजवळ सूर्या नदीवर हायवेचा पूल आहे. ४ सप्टेंबर २०२२, रविवारची दुपार. उदवाड्याहून मुंबईकडे जाणारी गाडी त्या पुलाच्या कठड्यावर आदळली. गाडी मर्सिडीज, म्हणजे सुरक्षेसाठी पैसे मोजून घेतलेली. पुढे बसलेले दोघं जबर जखमी झाले, पण वाचले. मागचे दोघं, सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल, गेले. मागच्या दोघांनी बेल्ट लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर देशभर मागच्या बेल्टची चर्चा झाली, मुंबईत त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून सक्ती जाहीर झाली. नियम तर त्याच्या कितीतरी आधीपासून पुस्तकात होता. मागच्या सीटवरच्यालाही बेल्ट बंधनकारक, नाहीतर हजार रुपये दंड. आमच्याकडची माणसं त्या रस्त्यावर त्याआधीही मरत होती आणि नंतरही मरतात, बाइकवर, टेम्पोत, रस्ता ओलांडताना. त्यांची बातमी आतल्या पानावर येते, कधी तीही येत नाही. पण निदान त्या पुलामुळे आमच्या घरात मागचा बेल्ट हा शब्द तरी पोचला.

इंजिनिअर आहे म्हणून थोडं गणित, सहन करा. ८० किलोमीटरच्या वेगाने गाडी कठड्यावर थांबली, तर बेल्ट नसलेला माणूस थांबत नाही, तो त्याच ८० ने पुढे जात राहतो. हा वेग म्हणजे सुमारे २५ मीटर उंचीवरून खाली पडल्यावर जमिनीला टेकताना असतो तेवढा. डहाणूकडचे उंच ताड आठवा. त्याच्या शेंड्यावरून पडणं. आणि मागचा माणूस एकटा पडत नाही, पुढच्या सीटवरच्याच्या पाठीवर पडतो. ४० च्या वेगाला हीच उंची सहा मीटरच्या थोडी वर येते, म्हणजे दुमजली घराचं छप्पर. गावातल्या गावात काय होतंय, असं म्हणणाऱ्यांनी एकदा त्या छपराकडे बघावं.

दुसऱ्या दिवशी आजी, आई मागे, बाबा पुढे. आजीला बेल्ट लावायला गेलो तर म्हणाली, ‘‘मी काय दावणीचं ढोर आहे का बांधायला?’’ मग आईने समजूत काढली. आजी ठेंगणी, वरचा पट्टा मानेला घासत होता. तिला सीटच्या मधल्या बाजूला जरा सरकवलं, तेव्हा तो खांद्यावर आला. खालचा पट्टा पोटावरून खाली कमरेच्या हाडावर ओढून घेतला. हे म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत आवर्जून करा, पोटावर राहिलेला पट्टा धक्क्यात आत रुततो. तलासरीच्या पुढे एका ट्रेलरने इंडिकेटर न देता हॉटेलकडे गाडी घातली, मला जोरात ब्रेक मारावा लागला. टायर थोडे घसरले, पट्टे लॉक झाले, आजीने ट्रेलरवाल्याच्या सात पिढ्या काढल्या. कोणाला काही झालं नाही. अच्छाड ओलांडून वापीला वेळेत पोचलो. परत येताना तिची तक्रार होतीच, पट्ट्याने लुगडं चुरगळतं म्हणून.

ट्रिप संपल्यावर ॲपने फीडबॅक मागितला. स्वच्छता, एसी, म्युझिक, पिकअपचा अनुभव, कर्मचाऱ्यांची वागणूक. प्रत्येकाला पाच स्टार. बेल्ट नाही, टायरचं वय नाही. मी ऑफिसात असे फॉर्म रोज बनवतो, म्हणून सांगतो: जो प्रश्न फॉर्ममध्ये नसतो त्याचा डेटा तयार होत नाही, डेटा नसला की डॅशबोर्डवर लाल दिवा लागत नाही, आणि लाल दिवा नसला की कोणाच्या सोमवारच्या मीटिंगमध्ये तो विषय येत नाही. गाडी बुक करणारा पुढे बसतो, स्टारही तोच देतो. मागे बसलेल्या आजीकडे ॲपच नाही. कव्हरला भोक पाडायला शिलाईवाल्याला दहा मिनिटं लागली असती. पण कव्हर चकाचक दिसलं की स्वच्छतेचे पाच स्टार मिळतात, आणि ते मात्र मोजले जातात.

मी ‘इतर’ या रकान्यात सगळं लिहिलं, फोटो जोडले. दोन दिवसांनी दीड हजाराची कपात आली. चॅटचा स्क्रीनशॉट पाठवून हरकत घेतली आहे, ‘आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे’ यावर गाडी अडली आहे. हे उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, १९१५. तिथे नोंदवणार.

गाडी परत केली त्या सकाळची एवढी गोष्ट सांगतो आणि थांबतो. मी किल्ली देत होतो तोवर पुढचं कुटुंब येऊन उभं होतं. नवरा-बायको आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी, महाबळेश्वरला निघालेली. तो पोरगा आत वाकला आणि सवयीने कव्हर ओढून सरळ करायला लागला. एक बकल पुन्हा आत गेलं. मी त्या ताईंना मागचं दार उघडून चिरा दाखवल्या, बकल बाहेर काढून दिलं. मुलीने लगेच पट्टा लावून बघितला. तिचे बाबा पुढे बसून गाणी जोडत होते, त्यांना ड्रायव्हरच्या बकलमधली ती क्लिप काढून हातात दिली. ती त्यांनी खिडकीतून कचऱ्याच्या डब्यात टाकली.

तुमच्या गाडीत मागची बकलं कुठे आहेत, ते आज बघा आणि फोटो पाठवा. पुढच्या भागात भेटू.