शालान्त परीक्षा : हेतु आणि विषय

परीक्षेचा हेतु बहुधा तिच्या नांवांतच सांपडतो. मुंबई विद्यापीठानें १८५९ मध्यें सुरू केलेली मॅट्रिक ही प्रवेशपरीक्षा होती. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे तिच्या पहिल्या उत्तीर्णांपैकीं. उमेदवार कॉलेजच्या अभ्यासास योग्य आहे कीं नाहीं, एवढेंच ती पाही. त्यामुळें शाळेंतील विषयांस विद्यापीठाच्या गरजेचें वळण लागलें आणि इंग्रजीस अग्रपूजेचा मान मिळाला. जो मुलगा कॉलेजांत जाणारच नव्हता, त्याचें शिक्षणही त्याच मापानें मोजलें गेलें.

१९४८ च्या कायद्यान्वयें स्वतंत्र मंडळाची योजना झाली व १९४९ पासून तें पुण्यास काम पाहूं लागलें. परीक्षेचें नांव झालें माध्यमिक शालान्त परीक्षा. विद्यापीठाच्या दाराऐवजीं शाळेचा शेवट हा तिचा विषय ठरला. प्रथम ती अकरावीच्या अखेरीस होई; १९७५ मध्यें दहावीची पहिली परीक्षा झाली. आज तीन भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रें असे तिचे मुख्य विषय आहेत.

या विषयांचें मोल पनवेल-उरण रस्त्यावरील जासईसारख्या गांवीं कळतें. भातशेतीच्या या टापूंत १९७० नंतर नवी मुंबईसाठीं जमिनींचें संपादन झालें. १९८९ मध्यें जवळच शेवा येथें बंदर सुरू झालें. मध्यंतरीं, १९८४ च्या जानेवारींत, शेतकऱ्यांच्या आंदोलनावर गोळीबार होऊन पांच जणांचे प्राण गेले. आंदोलनाचे पुढारी दि. बा. पाटील १९२६ मध्यें जासईसच जन्मले. ते वकील होते. संपादनाची नोटीस वाचणें ही भाषेची परीक्षा, मोबदल्याचा हिशेब ही गणिताची, आणि आपला हक्क कोणापुढें मांडावा हें जाणणें ही नागरिकशास्त्राची. ज्या घरांत हें ज्ञान नसतें, त्या घरास दुसऱ्याच्या शब्दावर अंगठा उठवावा लागतो.

जमीन गेल्यावर मुलाच्या हातीं राहतें तें शिक्षणच. प्रमाणपत्र नोकरीच्या दारापर्यंत पोंचवितें, पण पाठ केलेलीं उत्तरें त्यापुढें साथ देत नाहींत. म्हणून प्रश्नपत्रिका काढणारानें स्मरणशक्तीबरोबर समजही तपासली पाहिजे. शाळा सोडतांना मुलास स्वतःचा व्यवहार स्वतः वाचतां, मोजतां आणि मांडतां यावा, एवढें जी परीक्षा पाहील, तिलाच शालान्त हें नांव शोभेल.