मानके ठरतात तेथे आपले स्थान



एके काळी एका भागातील पायली दुसऱ्या भागात चालत नसे. माप ज्याच्या हाती, सरशी त्याची, असा तो व्यवहार होता. वजनमापांच्या १९५६ च्या कायद्याने देशाला एकच प्रमाण दिले. दूरसंचारालाही असेच सर्वमान्य प्रमाण लागते. त्यास मानक म्हणतात. मुंबईत घेतलेला मोबाइल परदेशातही चालतो, तो मानकांमुळेच.

मोबाइलची जागतिक मानके १९९८ मध्ये स्थापन झालेल्या ‘थ्रीजीपीपी’ या संघटनेत घडतात. तेथे सरकारी हुकूम चालत नाही. कंपन्यांचे अभियंते तांत्रिक प्रस्ताव मांडतात, चर्चा होते आणि सहमतीने निर्णय होतो. ज्या कंपनीचे संशोधन मानकात समाविष्ट होते, तिला पेटंटचे स्वामित्वशुल्क मिळू शकते. गैरहजर राहणाऱ्याच्या वाट्याला केवळ मोल मोजणे येते.

उपस्थितीचे फळ काय, हे एका उदाहरणावरून दिसेल. पाचव्या पिढीच्या तंत्राची ग्रामीण चाचणी दोन मनोऱ्यांत १,७३२ मीटर अंतर धरून होणार होती. इतके दाट मनोरे आपल्या खेड्यांत परवडणारे नव्हेत. फायबर ग्रामपंचायतीपर्यंत न्यावे, मनोरा तेथे उभारावा आणि भोवतीच्या वाड्यावस्त्यांना सेवा द्यावी, हा भारताचा विचार होता. ‘टीएसडीएसआय’ या भारतीय मानक संस्थेने तो आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघापुढे मांडला. २०१७ मध्ये सहा किलोमीटर अंतराची चाचणी संघाने अनिवार्य केली.

पुढे ‘फाइव्हजीआय’ हे भारतीय मानक २०२१ मध्ये संघाने मान्य केले. परंतु वेगळ्या मानकामुळे उपकरणे महागतील, अशी हरकत देशातीलच मोबाइल कंपन्यांनी घेतली. अखेर त्यातील वैशिष्ट्ये जागतिक मानकाच्या सतराव्या आवृत्तीत विलीन करण्याचे ठरले. वेगळी चूल मांडण्यापेक्षा सर्वांच्या पंगतीत आपले पान असणे हिताचे, हाच याचा बोध होय.

रिलायन्स जिओ, तेजस नेटवर्क्स यांसारख्या भारतीय कंपन्या आज या कार्यात सहभागी आहेत. तथापि एखाद-दुसऱ्या बैठकीस जाऊन हे कार्य साधत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षे अभियंते, संशोधन आणि पैसा लावावा लागतो. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना या क्षेत्राची ओळख करून द्यावी. पंचायत सदस्यांनी व अधिकाऱ्यांनी आपल्या वाड्यावस्त्यांची अंतरे आणि अडचणी अचूक नोंदवाव्यात. गावाची गरज नेमकी नोंदली गेली, तरच ती जगाच्या मानकात उतरू शकेल.