युद्धाकरिता कर न देणाऱ्यांचा चित्रपट : त्याची आखणी व त्याचा पैसा

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



या व्याख्यानमालेत आम्ही कोणत्या विषयावर बोलावे हे ठरविण्याचा अधिकार तरुण मंडळाने स्वतःकडे ठेविला होता, आणि त्यांनी सुचविलेला विषय ऐकून आम्ही प्रथम जरा बिचकलोच. अमेरिकेत काही माणसे युद्धखर्चासाठी सरकारास कर देण्याचे नाकारितात. त्यांच्यावर माहितीपट निघाले आहेत. तेव्हा असा माहितीपट कसा आखितात व त्यासाठी पैसा कोठून आणितात ते सांगावे, असा त्यांचा आग्रह. महोत्सवाच्या मंगल प्रसंगी कर न देण्याच्या गोष्टी कसल्या, असे मनात आले खरे. परंतु या मंडळाच्या हातून पूर्वी एक चित्रपट झाला होता आणि त्याच्या पैशाने आम्हांस एक धडा शिकविला होता, त्याची आठवण झाली व आम्ही होकार दिला. तो धडा शेवटी सांगू.

आरंभी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. चोरून कर बुडविणारा मनुष्य निराळा, आणि सरकारास स्वतःच्या सहीचे पत्र लिहून, कारण कळवून, शिक्षा भोगण्यास तयार राहून कर नाकारणारा मनुष्य निराळा. ख्रिस्तसभेची शिकवण कर देण्याच्या बाजूची आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात कर भरणे हे नैतिक कर्तव्य म्हणून सांगितले आहे. आणि त्याच ग्रंथात, दोनच परिच्छेद पुढे, नीतीच्या विरुद्ध जाणारी आज्ञा सदसद्विवेकास साक्षी ठेवून नाकारली पाहिजे असेही सांगितले आहे. या दोन परिच्छेदांच्या मधल्या अरुंद जागेत ही माणसे उभी आहेत. त्यांचे करणे योग्य की अयोग्य, याचा निकाल देण्यास आम्ही उभे नाही.

ही कल्पना जुनी आहे. हेन्री डेव्हिड थोरो याने मेक्सिकोवरील युद्धाच्या व गुलामगिरीच्या काळात डोईपट्टी भरली नाही, म्हणून १८४६ च्या जुलैत त्याने एक रात्र काँकर्डच्या तुरुंगात काढिली. त्याचा प्रसिद्ध निबंध १८४९ मध्ये छापला गेला; पण तो प्रथम १८४८ साली गावच्या सभेत भाषण म्हणून वाचला गेला होता, हे आम्हा वक्त्यांस धीर देणारे आहे. तोच निबंध पुढे दक्षिण आफ्रिकेत गांधीजींच्या वाचनात आला.

आपल्या कॅथोलिक श्रोत्यांस दोन नावे अधिक जवळची वाटतील. सिएटलचे आर्चबिशप रेमंड हंटहाउसेन हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत बसलेले धर्माध्यक्ष. त्यांच्या महाधर्मप्रांतात, प्यूजेट साउंडच्या काठी, ट्रायडंट अण्वस्त्रधारी पाणबुड्यांचा तळ झाला. १९८२ च्या जानेवारीत त्यांनी आपल्या प्राप्तीकराचा अर्धा भाग देणार नाही असे जाहीर केले. दुसरे नाव डोरोथी डे यांचे. १९३३ साली 'कॅथोलिक वर्कर' हे एक पेनी किमतीचे पत्र काढून त्यांनी भुकेल्यांसाठी व निराश्रितांसाठी घरे उघडिली. आपली संस्था धर्मादाय म्हणून सरकारदरबारी नोंदविण्याचे त्यांनी नाकारिले, कारण दानधर्मास सरकारची परवानगी घ्यावी लागते ही कल्पनाच त्यांस मान्य नव्हती. १९७२ साली कर व दंड मिळून २,९६,३५९ डॉलरांची मागणी त्यांच्यावर आली, आणि त्याच वर्षी ती सोडून देण्यात आली. हे उदाहरण ध्यानात असू द्यावे. पैशाच्या प्रकरणात त्याचे काम पडणार आहे.

आता चित्रपटाकडे वळू. मॅसॅच्युसेट्स राज्यातील कोलरेन नावाच्या लहानशा गावी रँडी केहलर व बेट्सी कॉर्नर हे जोडपे राहत होते. केहलर यांनी व्हिएतनाम युद्धाच्या वेळी सक्तीची सैन्यभरती नाकारून तुरुंगवास भोगिला होता. तुरुंगात जाण्यापूर्वी १९६९ साली त्यांनी केलेले एक भाषण ऐकून डॅनियल एल्सबर्ग यांच्या मनाने जे वळण घेतले, त्यातून पुढे पेंटॅगॉनची गुप्त कागदपत्रे जगापुढे आली. १९७७ पासून या जोडप्याने मध्यवर्ती सरकारचा प्राप्तीकर देणे बंद केले; राज्याचे व गावाचे कर मात्र ते भरीत होते. न भरलेली रक्कम त्यांनी घरात ठेविली नाही. गावच्या गरजूंस व परदेशातील युद्धपीडितांस ती वाटून दिली. १९८९ मध्ये सरकारने त्यांचे घर जप्त केले. १९९१ च्या डिसेंबरात त्यांस बाहेर काढण्यात आले व केहलर यांस सुमारे दहा आठवडे कैद झाली. मागे शेजारी व मित्र यांच्या टोळ्या आठवड्या-आठवड्याच्या पाळ्या लावून त्या घरात राहू लागल्या. १९९२ च्या फेब्रुवारीत घराचा लिलाव झाला. घराखालची जमीन एका सामाईक विश्वस्त संस्थेची होती, म्हणून विकले गेले ते नुसते घर !

ते घर कोणी घेतले ? एखाद्या धनाढ्याने नव्हे. त्याच भागातील, बेताच्या मिळकतीच्या एका तरुण जोडप्याने ते घेतले, आणि त्यांच्या कडेवर लहान मूल होते. घर स्वस्त मिळाले, कायद्याने मिळाले; मग बाहेरची माणसे दारासमोर महिनोन् महिने का उभी राहतात, हे त्यांस कळेना. केहलर यांची बाजू घेणाऱ्यांसही त्यांच्याकडे पाहून ओशाळल्यासारखे होत असले पाहिजे. प्रकरण १९९३ पर्यंत लांबले व शेवटी जमिनीच्या मालक संस्थेने लाविलेल्या दाव्यात तडजोड झाली. केहलर यांचा २०२४ साली अंत झाला.

या प्रसंगावर रॉबी लेपझर यांनी 'अॅन अॅक्ट ऑफ कॉन्शन्स' हा चित्रपट १९९७ साली पुरा केला. त्यातील निवेदन मार्टिन शीन या कॅथोलिक नटाने केले आहे. बिशप फुल्टन शीन यांच्यावरूनच त्याने आपले रंगभूमीवरील नाव घेतले, हे आपणांपैकी वडीलधाऱ्यांस ऐकून आनंद वाटेल. चित्रपटात त्या तरुण जोडप्याचीही बाजू ऐकू येते. आमच्या मते आखणीतील सर्वांत मोठा निर्णय हाच. चळवळीच्या माणसास आपल्याच माणसांचे चित्र काढण्याचा मोह असतो. परंतु कडेवर मूल घेतलेली ती आई पडद्यावर आली नसती, तर उरलेले सर्व सत्य असूनही अर्धे राहिले असते.

आखणीची दुसरी अडचण काळाची. नाटकास तालीम असते, जप्तीस नसते. सरकारी अंमलदार कोणत्या सकाळी येतील हे कोणी सांगत नाही, आणि आले ते पुन्हा येत नाहीत. म्हणून अशा कामात कॅमेरेवाला दूरच्या शहरात राहून चालत नाही. लेपझर त्याच भागात, वेंडेल गावी, काम करीत होते. गाडीभाडे व मुक्काम यांचा खर्च तर वाचतोच, पण शेजाऱ्यास लोक दार उघडतात, ही त्याहून मोठी कमाई होय.

तिसरी गोष्ट समजावून सांगण्याची. १९४३ पासून अमेरिकेत मजुराचा कर मालकच पगारातून कापून सरकारात भरतो. मग नकार द्यावयाचा कसा, असा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात पहिल्या पाच मिनिटांतच उभा राहतो. कोणी कर लागू होणार नाही इतकी थोडी मिळकत ठेवून राहतो. कोणी स्वतंत्र धंदा करितो. कोणी व्हिएतनाम युद्धाच्या खर्चासाठी १९६६ मध्ये दहा टक्क्यांपर्यंत चढविलेला टेलिफोनवरील कर तेवढा बिलातून वगळीत असे. हे न सांगता नुसते मोर्चे दाखविले तर पाहणारा घरी जाऊन विसरतो. शिवाय पडद्यावर जो 'मी कर देत नाही' असे म्हणतो, तो स्वतःविरुद्ध साक्ष देत असतो. त्याची समजून उमजून दिलेली लेखी संमती घेतल्यावाचून कॅमेरा उघडूच नये. 'डेथ अँड टॅक्सेस' हा २०१० सालचा लहान चित्रपट निराळ्या रीतीचा आहे. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या अशा करनकारांच्या राष्ट्रीय समितीनेच तो काढिला. त्यात एक कुटुंब नसून अनेक ठिकाणची माणसे बोलतात, आणि तो अर्ध्या तासात आटोपतो, म्हणजे सभेत चर्चेस वेळ उरतो.

आता पैसा. असा चित्रपट चित्रीकरणापेक्षा जुळणीत अधिक पैसा खातो : महिनोन् महिने बसून तासन् तासांच्या फिती पाहणाऱ्यास पोट असते. जुन्या बातम्यांची चित्रे विकत घ्यावी लागतात, संगीताचे हक्क घ्यावे लागतात, आणि दूरचित्रवाणीवर जावयाचे तर फिर्यादीच्या भयाने विमाही मागितला जातो. व्यापारी यास भांडवल देत नाही, कारण नफा नाही. मग रीत अशी : कोणी मित्र आपल्या घरी वीसपंचवीस माणसे जमवितो, अपुऱ्या चित्रपटाचा तुकडा दाखवितो व झोळी फिरवितो. लहान धर्मादाय निधींकडे अर्ज जातात. पुरा झाल्यावर शाळा-ग्रंथालयांस प्रती विकून कर्ज फेडितात.

येथे एक विलक्षण गाठ पडते. मोठे दाते पैसा देतात तो नोंदलेल्या धर्मादाय संस्थेस, कारण तसे दिल्याने त्यांच्या करात सूट मिळते. म्हणून चित्रपट करणारा एखाद्या नोंदलेल्या संस्थेच्या छत्राखाली जातो. ती संस्था देणगी स्वीकारते, थोडा भाग ठेविते व बाकीचा पुढे देते. म्हणजे कर नाकारणाऱ्यांचा चित्रपट करसवलतीच्या पैशावर उभा राहतो ! डोरोथी डे यांनी हे छत्र नाकारिले होते. आम्ही त्यांच्याइतके कडक नाही. कायद्याने दिलेली सूट घेण्यात पाप नाही. पण घेणाऱ्याने आपल्या सहकाऱ्यांपुढे तो प्रश्न उघड मांडला पाहिजे. कॅलिफोर्नियातील पीपल्स लाइफ फंडासारखे निधीही आहेत, जेथे लोक न भरलेला कर एकत्र ठेवितात व त्यातून सत्कार्यांस मदत होते. मात्र भुकेल्यांच्या नावाने बाजूला काढिलेला पैसा चित्रपटाने मागू नये, असे आम्हांस वाटते.

आता तो धडा. पुष्कळ वर्षांपूर्वी या मंडळाने आपल्या भागातील आटत चाललेल्या विहिरींवर एक लहान चित्रपट केला. पैसा संपला तेव्हा एका सद्गृहस्थांनी मोठी देणगी दिली. त्यांचे पाण्याचे टँकर चालत असत. त्यांनी एक शब्दानेही अट घातली नाही, हे त्यांच्याविषयी सांगितलेच पाहिजे. पण जुळणीस बसल्यावर टँकरांची ओळ दिसू लागताच आम्ही एकमेकांकडे पाहिले, आणि 'लांबी फार होते' असे म्हणून ती चित्रे आम्हीच कापली. कोणी मागितले नव्हते ! खेळ संपल्यावर पुढच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या मावशी उठल्या व म्हणाल्या, "बाळांनो, विहिरी दिसल्या. पाणी नेणाऱ्या गाड्या कुठे गेल्या ?" आम्हांपैकी कोणासही उत्तर देता आले नाही. फादर त्या वेळी बाजूलाच बसले होते; तेही काही बोलले नाहीत.

कापलेला तो तुकडा आम्ही जपून ठेविला होता. या वर्षी तरुण मंडळाने तो चित्रपटात पुन्हा जोडिला आहे, आणि देणगीचा आकडा शेवटच्या पाटीवर लिहिला आहे. आज जेवणानंतर शाळेच्या सभागृहात प्रथम तो दाखवितील, व मग कोलरेनचा चित्रपट. तो इंग्रजीत आहे. मध्ये मध्ये थांबवून दोन तरुण मराठीतून समजावून सांगतील, तेव्हा लहान मुलांस झोपवूनच यावे. दारात झोळी ठेविलेली नाही. पुढच्या बाकावरील उजवीकडची जागा कृपा करून मावशींसाठी मोकळी ठेवावी.