पासवर्ड उघड्यावर नको

गाझियाबादच्या घरी जुन्या लॅपटॉपवर उबंटू टाकलं, व्हीएसएफटीपीडी बसवलं. पेन्शनचे कागद, फोटो, सगळं त्यावर. नातवाने वायरशार्क लावलं आणि माझा पासवर्ड मला मोठ्याने वाचून दाखवला!

एफटीपीचा पहिला मसुदा १९७१ साली अभय भूषण यांनी लिहिला. ते आयआयटी कानपूरचे पदवीधर. पण एफटीपीत पासवर्ड साध्या अक्षरांतच जातो. फौजेत वायरलेसवर गुप्त गोष्ट सांकेतिक भाषेशिवाय कधी बोललो नाही, आणि घरी हे!

म्हणून व्हीएसएफटीपीडी काढलं. टर्मिनलमध्ये ‘सुडो एपीटी इन्स्टॉल ओपनएसएसएच-सर्व्हर’ दिलं. एसएफटीपी त्यातच मिळतं, पोर्ट २२ वर, सगळं सांकेतिक. फाइलझिलात ‘एसएफटीपी’ निवडा, झालं. घरातल्या प्रत्येकाचं खातं मात्र वेगळं ठेवा. जय हिंद.